खिंड अडवायची तर तळ नेमका कुठे बांधायचा? (स्टेलॅरिस आणि इतर अंतराळ-खेळ)

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी रात्री माझं दीडशे वर्षं जपलेलं साम्राज्य एका नाक्यावर फुटलं. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून हा धागा काढतोय.

खेळ स्टेलॅरिस. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात तारे हायपरलेन नावाच्या वाटांनी जोडलेले असतात आणि जहाजांना त्याच वाटांनी जावं लागतं. २०१६ मध्ये खेळ आला तेव्हा वार्प, वर्महोल आणि हायपरलेन अशा प्रवासाच्या तीन पद्धती होत्या. शत्रू कुठूनही उगवायचा, त्यामुळे सीमा ही फक्त नकाशावरची रंगीत रेघ होती. २०१८ च्या २.० आवृत्तीने सगळ्यांना हायपरलेनवर आणलं, सोबत स्टारबेसची (ताऱ्यापाशी बांधायच्या तळांची) नवी मांडणी दिली आणि नकाशात खऱ्या खिंडी तयार झाल्या. मला हा खेळ खरा आवडायला लागला तो तिथपासून.

माझ्या पश्चिमेला अशीच एक सुंदर खिंड होती. एकच तारा, बाहेरून एक वाट येते, आत दोन फुटतात. तिथे मी स्टार फोर्ट्रेस, म्हणजे वरच्या पायरीचा बळकट तळ उभारला. सगळीकडे तोफा, शत्रूच्या ढाली कमी करणारा डिसरप्शन फील्ड जनरेटर, भोवती आठ संरक्षक प्लॅटफॉर्म. ताकद दाखवत होती ११ हजार. वीस वर्षं मी त्या बाजूला बघितलंही नाही, इतका विश्वास होता. माझा ताफा १४ हजारांचा, तो पूर्वेला दुसऱ्या शेजाऱ्याशी लढत होता.

आणि पश्चिमेकडून २० हजारांचा ताफा आला.

मी खेळ थांबवून ताफ्याला हुकूम दिला. पोहोचायला १४० दिवस. पुन्हा सुरू केला. प्लॅटफॉर्मची छोटी चौकोनी चिन्हं एकेक करून विझत गेली, आधी डावीकडची तीन, मग एकदम दोन. तळाची निळी पट्टी (ढाल) संपली, पिवळी (चिलखत) संपली, हिरवी (सांगाडा) अर्ध्यावर आली. साठ दिवससुद्धा झाले नव्हते. माझा ताफा पोहोचला तेव्हा तोच तळ शत्रूच्या रंगात उभा होता आणि माझ्या जहाजांवर त्याच तोफा चालत होत्या.

माझा प्रश्न सरळ आहे. त्या तळावर ओतलेलं अलॉय (जहाजं आणि तळ बांधायचा माल) वाया गेलं का? की तळ बरोबर होता आणि मी वापरला चुकीचा?

---

सातमाळा

वाया गेलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

जहाज हलतं, तळ हलत नाही. पूर्वेचं युद्ध पश्चिमेच्या तोफांनी लढता येत नाही. ते सगळं अलॉय जहाजांत घातलं असतं तर पूर्वेचं युद्ध लवकर संपलं असतं आणि ताफा वेळेत मोकळा झाला असता. शिवाय स्टारबेस किती वाढवायचे यावर खेळात मर्यादा आहे. ती ओलांडली की देखभालीचा खर्च चढतो. सुरुवातीच्या पन्नास वर्षांत तळ भारी वाटतो, मधल्या काळात बरोबरीचा, आणि शेवटी लाखभर ताकदीचे ताफे फिरायला लागले की सिटॅडल, म्हणजे सगळ्यात मोठा तळसुद्धा वाटेतला खडा.

माझ्या सीमेवर फक्त आउटपोस्ट, म्हणजे सगळ्यात छोटे तळ असतात. आजवर अडलं नाही.

---

वजाबाकी

सातमाळा, तुमचा मुद्दा अर्धा पटतो. पण इथे गणित करून बघूच, कारण या प्रश्नाचं उत्तर गणितातच आहे.

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ मध्ये मांडलेला वर्गाचा नियम आहे. दोन्ही बाजू एकमेकांवर नेम धरून मारा करत असतील तर ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सगळी जहाजं सारख्या दमाची धरा. शत्रूची १०, तुमचा तळ ६ जहाजांइतका, तुमचा ताफा ८ जहाजांचा.

आधी तळ एकटा लढतो. १० चा वर्ग १००, ६ चा ३६. वजा केले, ६४ उरले. म्हणजे तळ पडतो आणि शत्रूची ८ जहाजं शिल्लक राहतात. मग तुमची ८ येतात. आठाला आठ, दोघंही संपतात. तळ गेला, ताफाही गेला.

आता तळ आणि ताफा एकत्र. ६ आणि ८ मिळून १४, त्याचा वर्ग १९६. त्यातून १०० वजा, उरले ९६. वर्गमूळ जवळपास ९.८. शत्रू पूर्ण साफ, आणि तुमच्या १४ पैकी जवळजवळ १० उभे.

अलॉय तेवढंच, शत्रू तोच. फरक फक्त एकाच वेळी लढलात की एकामागून एक, याचा. खऱ्या खेळात पल्ला, ढाली, शस्त्रांचे प्रकार असतात, आकडे असे नेमके बसणार नाहीत, पण दिशा हीच राहते.

म्हणून गोदाकाठ, तळाची ताकद ११ हजार होती हा आकडा बाजूला ठेवा. तुमचे दोन आकडे महत्त्वाचे आहेत, ६० आणि १४०. तळ ६० दिवस टिकतो आणि मदत १४० दिवसांनी येते, तर तो तळ किती का मोठा असेना, एकटाच मरणार. तळ टिकेल तितक्या दिवसांत ताफा पोहोचला पाहिजे, तळ बांधताना आधी एवढंच बघायचं.

मोजायची सोपी रीत: ताफा जिथे मुक्कामाला ठेवणार तिथून खिंडीकडे जायचा हुकूम द्या, किती दिवस दाखवतोय ते वहीत लिहा, हुकूम रद्द करा. मी प्रत्येक सीमेसाठी हे करतो.

---

आशेवाडीकर

वजाबाकी यांनी गणिताने सांगितलं ते आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दोन किल्ल्यांवर घडलेलं आहे. मला राहवत नाही, लिहितोच.

पहिला रामशेज. पेठ रस्त्याने निघालं की आशेवाडीच्या डोक्यावर दिसतो. जे चढले आहेत त्यांना माहीत आहे, सह्याद्रीच्या मानाने हा किल्ला काहीच नाही. तासाभराच्या आत माथा. भोवती घनदाट रान नाही, मागे डोंगररांग नाही, सुटा उभा आहे. १६८२ मध्ये मुघल फौज याला वेढा घालून बसली. शहाबुद्दीन खानाने लाकडाचा उंच दमदमा उभारून वरून तोफा डागल्या. किल्ल्यावर धड तोफा नव्हत्या, तर आतल्या लोकांनी लाकूड पोखरून, वर कातडं चढवून तोफा केल्या अशी नोंद आहे. सरदार बदलले, वेढा चालूच राहिला. किल्ला पाच वर्षं हातचा गेला नाही. शेवटी पडला तो फितुरीने.

पाच वर्षं एवढ्याशा टेकडीने कशी काढली? एक कारण आतल्या माणसांची जिद्द. दुसरं तितकंच मोठं, संभाजी महाराजांनी बाहेरून कुमक पाठवली. रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांच्या तुकड्या वेढ्यावर बाहेरून तुटून पडत होत्या. वेढा घालणाऱ्याला सतत पाठीकडे बघावं लागलं.

दुसरा साल्हेर, आपल्या बागलाणात. १६७२. इखलास खानाचा वेढा पडलेला. शिवाजी महाराजांनी एका बाजूने मोरोपंत पिंगळे आणि दुसऱ्या बाजूने प्रतापराव गुजर यांना धाडलं आणि किल्ल्याच्या पायथ्याशी उघड्या मैदानात मुघल फौज मोडली. किल्ल्याने शत्रूला एका जागी बांधून ठेवलं, दोन फौजांनी येऊन घाव घातला. वजाबाकी यांचं १४ विरुद्ध १० म्हणजे हेच.

---

सातमाळा

आशेवाडीकर, छान लिहिलंत. पण रामशेजचं उदाहरण खिंडीला लागू पडतं का? रामशेजला वळसा घालून जाता येत होतंच की.

आणि किल्ल्यांचंच म्हणाल तर १८१८ विसरू नका. मनमाडजवळचा अणकाई बघा, टंकाईला जोडून, खालून वाट, वर ताशीव कडा, यापेक्षा चांगला नाका कुठे मिळणार? इंग्रजांना तो न लढता मिळाला. त्या वर्षी आपल्या भागातले किल्ले एकामागून एक पडत गेले.

---

आशेवाडीकर

अणकाईबद्दल तुमचं खरं आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. १८१८ मध्ये मैदानात पेशव्यांची फौज उरली नव्हती. कुमक येणारच नाही हे किल्लेदारालाही कळत होतं. किल्ला तोच, कडा तोच, फक्त मागे कोणी नाही.

वळशाचा मुद्दा मात्र चांगला काढलात. वळसा घालता येत होता तरी मुघल तिथे का बसले? कारण मागे सोडलेला किल्ला दाणागोटा लुटतो. रात्री शिबंदी खाली उतरते, रसद कापते, पहाटे पुन्हा वर. किल्ला वाट अडवतो तो उतरणाऱ्या माणसांमुळे. खेळातला तळ कधी खाली उतरत नाही. म्हणून ज्या खेळात शत्रूला वळसा घालता येतो तिथे नुसता तळ काहीच अडवत नाही, त्याच्या आसऱ्याला थोडी जहाजं लागतातच.

---

गोदाकाठ

हे आधी कुठे वाचलं असतं तर! स्टेलॅरिसमध्ये मात्र वळशाचा प्रश्न एफटीएल इनहिबिटरने सुटतो. ते तंत्र हाती आलं की तळ उभा असेपर्यंत शत्रूला आला त्याच वाटेने मागे जाता येतं, पुढे नाही. त्यामुळे पाडल्याशिवाय सुटका नाही. माझ्याकडे तो होता, फक्त ६० दिवसांसाठी.

---

जुना_कीबोर्ड

वाचतोय, फार आनंद होतोय. मी मास्टर ऑफ ओरायन २ च्या काळातला, १९९६ चा खेळ. कॉलेज रोडला मित्राच्या घरी एकच कॉम्प्युटर आणि आम्ही चौघं पाळीपाळीने.

त्यात वाटा नव्हत्याच. इंधनाचा पल्ला पुरेल तिथे कुठेही जा. त्यामुळे खिंड हा शब्दच आमच्या डोक्यात नव्हता. तळ होते, स्टार बेस, मग बॅटलस्टेशन, मग स्टार फोर्ट्रेस, पण ते ग्रहाभोवती. जोडीला जमिनीवर क्षेपणास्त्र तळ आणि ग्रहाची ढाल. जे जपायचं त्याच्या उशाशीच पहारा ठेवायचा. त्याचा तोटा असा की वीस ग्रह असतील तर वीस पहारे, आणि शत्रू नेमका सगळ्यात अशक्त ग्रह निवडायचा. तुम्हा लोकांना एका नाक्यावर वीस ग्रह झाकता येतात ही नकाशाने दिलेली देणगी आहे. ती नसती तर सातमाळा यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर ठरलं असतं.

---

रात्रपाळी_सातपूर

मी ईव्ह ऑनलाइन बरीच वर्षं खेळलो. समोर खरी माणसं असली की तळाचा अर्थ कसा बदलतो ते सांगतो.

तिथे मोठी बांधकामं एका झटक्यात पडत नाहीत. ढाल संपली की ते काही काळ बंदिस्त होतं, कोणी कितीही मारा केला तरी काही होत नाही. पुढचा हल्ला ठरलेल्या वेळीच. आणि कोणत्या तासाला हे मालकाने आधीच निवडून ठेवलेलं असतं. आमच्या गटात भारतातली मुलं जास्त, म्हणून आम्ही आपल्याकडची रात्र निवडायचो. हल्लेखोर दिवसा आले तरी शेवटची लढाई आमच्या जागरणाच्या वेळी. मी पाळी संपवून घरी यायचो, जेवायचो आणि बरोबर वेळेला हजर. तळाच्या तोफांनी आम्ही फार जहाजं पाडली असतील असं वाटत नाही. पण माणसं जमवायला वेळ मिळायचा, आणि तो वेळ आमचा असायचा.

स्टारगेटवर (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायच्या दारावर) बुडबुडे, म्हणजे जहाजांना निसटू न देणारे सापळे लावून बसणं हा वेगळा प्रकार. ती जिवंत नाकेबंदी, तिथे माणूस जागा लागतो. पहाटे चारला डोळा लागला की नाका उघडा. तळ झोपत नाही, एवढं तरी त्याच्या बाजूने म्हणा.

---

कांचनवारी

सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर हा खेळ कोणीच काढला नाही, म्हणून मी लिहिते. २००९ च्या एन्ट्रेंचमेंट या विस्ताराने त्यात मोठे स्टारबेस आणि सुरुंग आणले. त्यातून मी दोन गोष्टी शिकले, दोन्ही इथे उपयोगी आहेत.

पहिली, खिंड सापडली तरी खिंडीतली जागा शोधायची राहते. त्या खेळात ग्रहाभोवतीचं गुरुत्वक्षेत्र प्रचंड पसरलेलं असतं आणि तळाचा पल्ला त्या मानाने छोटा. मी पहिल्यांदा तळ थेट शत्रूच्या वाटेच्या तोंडावर बांधला, उंबऱ्यावर. शत्रू आला, थोडा मार खाल्ला, बाजूने सरकून थेट ग्रहावर बॉम्ब टाकायला गेला. माझा तळ दूरवरून बघत बसला. तेव्हापासून तळ ग्रहाजवळ, दुरुस्तीचे प्लॅटफॉर्म त्याच्या पल्ल्यात, आणि सुरुंग वाटेच्या तोंडावर. टीईसी या गटाच्या तळाला एक सुधारणा घेता येते, ती घेतली की तळ उभा आहे तोवर ग्रह हातचा जात नाही. तिच्यासाठी मी इतर सगळं मागे ठेवते.

दुसरी, जो तळ हलत नाही त्याच्यासाठी कोणीतरी खास हत्यार बनवतंच. त्याच विस्तारात ऑग्रोव्ह टॉर्पेडो क्रूझर आलं, त्याचं काम फक्त बांधकामं पाडणं. लांबून, निवांत. एकट्या तळाला त्यावर उत्तर नाही. पण ही जहाजं चपळ जहाजांपुढे दुबळी, त्यामुळे तळापाशी पाच-सहा हलकी जहाजं ठेवली तरी चित्र पालटतं. आशेवाडीकर दादांनी सांगितलेली रात्री उतरणारी शिबंदी, तीच ही.

---

नवखा_पंचवटी

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळतंय. माझ्या नकाशात खिंडीच नाहीत, प्रत्येक ताऱ्याला पाच-पाच वाटा. मी काय करू?

---

वजाबाकी

नवीन खेळ सुरू करताना हायपरलेनची घनता कमी ठेवा, वर्महोल आणि गेटवे (दूरच्या ताऱ्यांना थेट जोडणारी दारं) हेही कमी. चालू खेळात काही करता येणार नाही. तिथे जुना_कीबोर्ड यांची पद्धत, मोलाच्या ग्रहाशेजारी तळ. आणि न्यूट्रॉन तारे, पल्सार शोधा. न्यूट्रॉन ताऱ्यापाशी जहाजांचा वेग पडतो, पल्सारपाशी सगळ्यांच्या ढाली शून्य होतात. पल्सारवर तळ असेल तर तुमच्या ढालीही जातात, म्हणून तिथे प्लॅटफॉर्म सगळे चिलखताचे करायचे. शत्रूने ढालींवर खर्च केलेला असतो, तो बुडतो.

---

सातमाळा

मला एक अडचण अजून दिसते, ती प्रामाणिकपणे मांडतो. नाशिकचा द्वारका चौक घ्या. आग्रा रोड आणि पुणे रोडची गर्दी तिथे एकत्र येते, बाहेरचा माणूस तासभर अडकतो. पण ज्याला गल्ल्या ठाऊक आहेत तो द्वारकेला जातच नाही. स्टेलॅरिसमध्ये जंप ड्राइव्ह, म्हणजे वाटा सोडून उडी मारायचं यंत्र आलं की प्रत्येक शत्रूला गल्ल्या सापडतात. थेट तुमच्या राजधानीशेजारी उडी. खिंडीतला तळ तसाच मागे राहतो.

वजाबाकी यांचं गणित मान्य. मध्यापर्यंत तळ आणि ताफा एकत्र हवेत हेही मान्य. माझं म्हणणं शेवटच्या टप्प्यापुरतं कायम आहे.

---

वजाबाकी

त्या टप्प्यापुरतं मीही तुमच्याबरोबर आहे. एवढंच जोडतो की उडी मारून आलेल्या ताफ्याचा मारा आणि वेग काही काळ घटलेला असतो. राजधानीपाशी एक चांगला तळ आणि ताफ्याला लवकर परत आणायला स्वतःचे गेटवे असतील तर ती वेळ पकडता येते. गणित तेच. जागा मात्र तेव्हा शत्रू निवडतो.

---

कांचनवारी

गोदाकाठ, एक विचारायचं राहिलं. तुमच्या त्या खिंडीत वस्तीचा ग्रह होता का? स्टेलॅरिसमध्ये फोर्ट्रेसची इमारत असलेला ग्रहसुद्धा वाट अडवतो. वरचा तळ पडला तरी ग्रह पडेपर्यंत शत्रू पुढे जाऊ शकत नाही, आणि ग्रह घ्यायचा तर पायदळ उतरवावं लागतं. नुसत्या तोफा चालत नाहीत.

---

गोदाकाठ

नव्हता! खिंडीत एक लाल तारा आणि तीन ओसाड खडक. ग्रह होता दोन उड्या आत.

तुम्ही हे लिहिलंत आणि मी परवा रात्री वीस वर्षं मागचा सेव्ह उघडला. पुढचं सगळं सविस्तर लिहितो, कारण तुम्हा सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

आधी वही घेतली. पूर्वेच्या मुक्कामापासून खिंड १४० दिवस, हे माहीत होतं. साम्राज्याच्या मध्यावरून आतला ग्रह ३८ दिवस. मग जुनी खिंड सोडली. तिथे फक्त आउटपोस्ट ठेवलं. तिच्या मागच्या तीन ताऱ्यांवर माझ्या खाणी होत्या, त्या युद्धात जाणार हे धरून चाललो. मन तयार होत नव्हतं, खरं सांगतो. पण आत शिरलेल्या दोन्ही वाटा त्या ग्रहाच्या ताऱ्यापाशी पुन्हा एक होतात, हे मला शंभर वर्षांत दिसलंच नव्हतं. मी नकाशाकडे कायम बाहेरच्या कडेवरून बघत आलो होतो.

स्टार फोर्ट्रेस तिथे बांधला. प्लॅटफॉर्म आठच, इनहिबिटर चालू. ग्रहावर दोन फोर्ट्रेस. मागच्या ताऱ्यावर जहाजांच्या धक्क्याचा तळ, त्यात क्रू क्वार्टर्स, म्हणजे उभ्या ताफ्याचा खर्च कमी. ताफा तिथेच मुक्कामाला. पूर्वेच्या शेजाऱ्याशी पाच वर्षं आधीच तह केला, त्यात दोन तारे द्यावे लागले.

शत्रू आला, तसाच, २० हजार. जुन्या खिंडीतलं आउटपोस्ट गेलं, खाणीही गेल्या. मग तो ग्रहापाशी आला आणि तळावर मारा सुरू झाला. मी ताफ्याला लगेच सोडलं नाही, शत्रू पूर्ण गुंतेपर्यंत थांबलो. बाराव्या दिवशी हुकूम दिला. मागच्या ताऱ्यावरून पोहोचायला १९ दिवस. ताफा शिरला तेव्हा तीन प्लॅटफॉर्म विझले होते, पाच चालू होते आणि तळाची पिवळी पट्टी अजून शाबूत होती.

ती लढाई मी सगळ्यात कमी वेगावर ठेवून शेवटपर्यंत बघितली. त्यांची निम्मी जहाजं गेली, उरलेली पळाली. माझी सहा गेली. ग्रहाच्या फोर्ट्रेसची वेळच आली नाही, पण ते खाली आहेत म्हणूनच मला बारा दिवस थांबायचा धीर झाला.

खाणी परत घ्यायला आठ महिने लागले. आता राजधानीशेजारी गेटवे बांधायला घेतलाय, सातमाळा यांच्या गल्ल्यांसाठी. तो पूर्ण होईपर्यंत शेजाऱ्याला जंप ड्राइव्ह मिळू नये एवढीच धाकधूक आहे. झालं काही तर इथेच लिहीन.